घरी भरलेल्या रॉकच्या कॅसेट्स: सगळ्या डिजिटल करायच्या का, आणि आधी कोणत्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सदाशिव पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला जातोय, माळ्यावर वडलांची कॅसेट्सची पेटी सापडली, पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, लेड झेपलिन, डायर स्ट्रेट्स, सगळ्या घरी भरलेल्या, कव्हरवर बॉलपेनने नावं. दुकानदार एकेका कॅसेटचे पैसे सांगतोय आणि पेटीचा हिशोब बराच होतो. अल्बम तर सगळे अ‍ॅपवर आहेत, तेही स्वच्छ आवाजात, मग हा खर्च कशाला? आणि बाबा स्वतःच म्हणतायत टाकून द्या.

मी ऐंशीच्या दशकात लक्ष्मी रोडजवळ एका छोट्या दुकानात कॅसेट्स भरून द्यायचं काम करायचो, मग बरीच वर्षं डेक (कॅसेट वाजवायची-भरायची मशिनं) आणि अ‍ॅम्प्लिफायर रिपेअर केले, आता लोकांच्या जुन्या टेप्स डिजिटल करून देतो. त्यामुळे उत्तर जरा लांब होणार आहे.

पहिली गोष्ट, अल्बम वाचवायची जबाबदारी तुमच्यावर नाही, ते सुरक्षित आहेत. तुम्हाला शोधायचंय ते हे की त्या पेटीत अल्बमच्या शिवाय काय आहे. आणि ते कव्हरवर लिहिलेलं नसतं, ते ऐकावंच लागतं. सुदैवाने सगळं ऐकावं लागत नाही, कुठे ऐकायचं ते माहीत असलं की झालं.

माझा कामाचा नियम असा आहे की रेकॉर्डिंग जितकं वाईट तितकी ती कॅसेट आधी घ्यायची. लोक नेमकं उलटं करतात, चांगली वाजणारी सोनी नाहीतर टीडीके आधी देतात आणि खरखरणारी लोकल कॅसेट फेकतात. पण चांगली वाजणारी म्हणजे कुणाच्यातरी चांगल्या डेकवर रेकॉर्डवरून थेट केबलने भरलेली, तिच्यात अल्बमच असतो, अजून काही नाही. खरखरणारी बहुतेक वेळा टू-इन-वनच्या, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या मशिनच्या, अंगच्या माइकवर, स्पीकरसमोर ठेवून भरलेली असते. तिच्यात खोली असते. पंखा असतो, खालच्या चौकातल्या नळावरची भांडणं असतात, रेकॉर्ड उलटताना कुणीतरी 'अरे थांब, पॉज दाब' म्हणतं ते असतं. ते कुठल्याही अ‍ॅपवर येणार नाही.

माइकवर भरलेली आहे की केबलने, हे ओळखायची एक खूण सांगतो, आणि ती मला स्वतःला फार आवडते. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, अगदी बारीक, शांततेतून हळूहळू वर येतात. आता टू-इन-वनमध्ये रेकॉर्डिंगची लेव्हल हाताने लावायची सोयच बहुतेक नसायची, ऑटोमॅटिक लेव्हल असायची. म्हणजे आवाज कमी आला की सर्किट स्वतःच वाढवणार, जास्त आला की दाबणार. त्यामुळे अशा मशिनवर भरलेल्या कॅसेटमध्ये ते ठोके सुरुवातीलाच धाडधाड येतात, बरोबर रेकॉर्डची खरखर आणि खोलीचा सगळा आवाज वर उचलला जातो, आणि मग गाणं जोरात सुरू झालं की सगळं एकदम मागे ढकलल्यासारखं होतं. ज्यांनी हा अल्बम पहिल्यांदा असाच ऐकला त्यांच्या कानात तो कायम तसाच बसलेला असतो, नंतर सीडीवर ऐकला की 'ठोके ऐकूच येत नाहीत' अशी तक्रार करतात. माझ्याकडे असे बरेच लोक येतात. तुमच्या बाबांना दोन्ही ऐकवून विचारा कुठला ओळखीचा वाटतो.

आता प्रत्येक कॅसेटमध्ये नेमकं कुठे ऐकायचं ते सांगतो. सी-९० म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं, आणि साधारण एक एलपी, म्हणजे अख्ख्या अल्बमची मोठी रेकॉर्ड, ४० मिनिटांच्या आसपास, म्हणून एका बाजूला एक अल्बम हा सगळ्यांचा हिशोब होता. 'डार्क साइड' जेमतेम ४३ मिनिटांचा, छान बसतो. 'द वॉल' हा १९७९ चा डबल अल्बम ८० मिनिटांच्या थोडा वर, दोन्ही रेकॉर्ड एका सी-९० वर मावतात. पण डीप पर्पलचा 'मशीन हेड' साडेसदतीस मिनिटांच्या आसपासच आहे. मग उरलेली सात मिनिटं? कॅसेट महाग होती, मोकळी कोण सोडणार. त्या सात मिनिटांत दुसऱ्या कुठल्यातरी बँडचं एखादं गाणं असतं, रेडिओवरून घेतलेलं काहीतरी असतं, नाहीतर मित्रांनी गिटारवर वाजवलेलं असतं. किंवा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तिथे काहीच नवीन भरलेलं नसतं आणि आधीचं शिल्लक राहिलेलं असतं. कॅसेट पुसून दुसरं भरलं की नवं रेकॉर्डिंग जिथे संपतं तिथून पुढे जुनं तसंच राहतं. माझ्याकडे एका कॅसेटमध्ये झेपलिन संपल्यावर घरातल्या आजीबाई मंगळागौरीची गाणी म्हणत होत्या, आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता की ते रेकॉर्डिंग आहे.

म्हणून प्रत्येक बाजूची पहिली दोन मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं ऐका, मध्ये एकदोन ठिकाणी जरा थांबून बघा. संपूर्ण पेटी अशी दोनतीन रविवारात चाळून होते. ऐकता ऐकता तीन गठ्ठे करा: काहीतरी वेगळं आहे ते पहिल्यात, शंका आहे ते दुसऱ्यात, स्वच्छ केबलने भरलेला अल्बम आणि बाकी काही नाही ते तिसऱ्यात. तिसऱ्या गठ्ठ्यावर पैसे घालवू नका. फक्त कव्हरांचे फोटो काढून ठेवा, आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी, कारण कोणी कोणता अल्बम कशाच्या पाठीला भरला ह्यातही बरंच कळतं.

रेडिओवरून भरलेलं काही असेल तर ते सरळ पहिल्या गठ्ठ्यात. शॉर्टवेव्हवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लागायची, तिथला निवेदक जॉन पील रॉक वाजवायचा, रेडिओ सिलोन होतं. आवाज लाटेसारखा येतो जातो, मध्येच दुसरं स्टेशन घुसतं, गाण्याचा पहिला भाग कापलेला असतो कारण कोणतं गाणं लागतंय हे कळेपर्यंत बटण दाबायला उशीर व्हायचा. निवेदकाचा आवाज आला की लोक घाईने पॉज करायचे, आणि आता आम्हाला तोच आवाज हवा असतो.

डायर स्ट्रेट्सची कॅसेट १९८५ च्या 'ब्रदर्स इन आर्म्स'ची असेल तर तिथेही एक शोध लागतो. त्या अल्बमची एलपी आणि सीडी सारखी नाहीत, एलपीवर जागा कमी म्हणून काही गाणी छोटी केलेली आहेत. 'मनी फॉर नथिंग' एलपीवर सात मिनिटांच्या आसपास आहे, सीडीवर साडेआठच्या जवळ. म्हणजे तुमच्या कॅसेटमधलं गाणं मोजलं की बाबांनी ते रेकॉर्डवरून घेतलं का नाही हे कळतं. आणि एलपीवरूनच असेल तर कुणाची एलपी हा पुढचा प्रश्न. तेव्हाच्या पुण्यात परदेशी रॉकची एलपी म्हणजे कुणाचातरी मामा अमेरिकेत, कुणाचे वडील गल्फमध्ये, नाहीतर कॅम्पातल्या एखाद्या दुकानात महिनोन्महिने चकरा मारून मिळालेली, नाहीतर कोरेगाव पार्कच्या आश्रमात आलेल्या कुणा परदेशी माणसाने जाताना विकलेली. इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर एक रेकॉर्ड आली की अख्ख्या विंगच्या कॅसेट्स त्या एका रेकॉर्डवरून भरल्या जायच्या, आणि मग त्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. तुमच्याकडची एखादी कॅसेट फार दबल्यासारखी, गोधडीतून ऐकल्यासारखी वाजत असेल तर ती तिसऱ्या चौथ्या हातची असायची शक्यता मोठी आहे, टेप खराब आहे असं लगेच समजू नका.

आता मशीन. यूएसबीचे जे स्वस्त छोटे प्लेअर मिळतात, वॉकमनसारखे, ते घेऊ नका. त्यांचा वेग स्थिर राहत नाही, लांब सूर थरथरतो, आणि हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, इतकं ढिलं बसवलेलं असतं की वरचा आवाज येतो जातो. त्यापेक्षा एक जुना चांगला डेक शोधा, आधी ओळखीत विचारा, मग जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी एक चक्कर टाका. जुना डेक चालू होत नसेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा आतला रबरी बेल्ट वितळून काळा चिकट डांबर झालेला असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचा आणि नवा बेल्ट टाकायचा. तपकीर गल्लीत विचारा, जुनं काम करणारे लोक अजून आहेत. पिंच रोलर, म्हणजे टेप पुढे ओढणारं छोटं रबरी चाक, कडक होऊन चकाकायला लागला असेल तर तोही बदला, टेप खाल्ली जाते ती बहुतेक त्याच्यामुळे.

कॅसेट लावायच्या आधी ती उघडून नाही पण खिडकीतून नीट बघा. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या टेपला कडेने पांढरी भुकटी येते, ती बुरशी. अशी कॅसेट बाकीच्यांच्या आधी वाजवली तर बुरशी डेकमध्ये जाते आणि तिथून सगळ्या कॅसेट्सना लागते, म्हणून ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि सगळ्यात शेवटी हाताळा, मास्क लावून. टेपच्या मागे जो छोटा फेल्टचा पॅड असतो तो बघा, त्याचा गोंद सुटून पॅड पडलेला असतो आणि मग आवाज एकदम बसतो. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या चांगल्या खोक्यात रीळ हलवता येतं. स्क्रू नसलेली, चिकटवलेली असेल तर ती कडेने कापावी लागते, ते काम पहिल्यांदाच करत असाल तर तिसऱ्या गठ्ठ्यातल्या कॅसेटवर हात बसवून घ्या. सी-१२० असेल तर विशेष जपून, तिची टेप फार पातळ असते, फास्ट फॉरवर्ड रिवाइंड फार करू नका. आणि कॅसेटच्या मागच्या बाजूच्या दोन खिट्ट्या शाबूत असतील तर आधी तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

ह्यानंतरची गोष्ट म्हणजे हेडचा अँगल, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. घरी भरलेली प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशिनवर भरलेली असते, आणि प्रत्येक मशिनचं हेड किंचित वेगळ्या कोनात बसलेलं असतं. ज्या कोनात भरलं त्याच कोनात वाजवलं तरच वरचा आवाज, म्हणजे झांजा, श्वास, गिटारच्या तारेवरची नखं, हे सगळं नीट येतं. टेपची रुंदी जेमतेम पावणेचार मिलिमीटर आणि वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, इतक्या कमी जागेत कोन केसभर चुकला तरी आवाज मातीत जातो. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू असतो, कॅसेट वाजत असताना तो अगदी जरासा फिरवायचा आणि आवाज मोनो करून (डावा-उजवा एकत्र करून) ऐकायचं, जिथे सगळ्यात उघडा वाटेल तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला करायचं, काही वेळा प्रत्येक बाजूला. दुकानदाराला पैसे द्यायच्या आधी त्याला एवढंच विचारा की प्रत्येक कॅसेटला हेड अ‍ॅडजस्ट करता का. हो म्हणाला तर त्याचा रेट योग्य आहे. कशाबद्दल बोलताय हे त्याला कळलंच नाही, तर कॅसेट्स परत घेऊन या.

डॉल्बीचं थोडक्यात, म्हणजे टेपची खरखर कमी करणाऱ्या सोयीचं, मिरवणुकीतल्या स्पीकरचं नाही: कव्हरवर डॉल्बी बी लिहिलेलं असेल आणि डेकला सोय असेल तर अँगल जुळवल्यावरच ते चालू करा. लिहिलेलं नसेल तर बंद ठेवा. टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटला डॉल्बी लावली तर उरलासुरला वरचा आवाजही जाईल.

वेगाचा प्रश्न येतोच, आणि इथे तो अ‍ॅपवरचा अल्बम खरा उपयोगी पडतो. अ‍ॅपवर ४३ मिनिटांचा असलेला अल्बम तुमच्या कॅसेटवर ४४ मिनिटं चालला तर कुठेतरी दोन टक्क्यांच्या आसपास वेग कमी पडलाय. एक अर्धा सूर खाली यायला साधारण सहा टक्के लागतात, तेव्हा दोन टक्के चटकन कळत नाहीत पण अल्बम ओठावर असलेल्या माणसाला खटकतात. चूक तुमच्या डेकची की तेव्हाच्या मशिनची हे कळायला दोन वेगवेगळ्या मशिनवर भरलेल्या तीनचार कॅसेट्स मोजा, सगळ्या सारख्याच हळू असतील तर दोष डेकचा, त्याच्या मोटरचा वेग लावून घ्या. एखादीच असेल तर ती भरतानाच तशी झालीये. कॅसेटमध्ये विजेचा गुणगुणाटही भरला गेलेला असतो, ५० हर्ट्झचा, त्याच्यावरूनही अंदाज येतो, फक्त त्या काळी ग्रिड ५० वर स्थिर राहायचं नाही म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका.

कॉम्प्युटरकडची बाजू सोपी आहे. डेकच्या लाइन आउटमधून साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनमध्ये, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. त्यात सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात जोरात आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली राहील इतकी लेव्हल. मोठी आर्काइव्हज ९६ किलोहर्ट्झवर करतात, घरच्या कॅसेटला ४८ चालतं. सी-९० ची एक पूर्ण कॅसेट साधारण दीड जीबी होते, फ्लॅक केली (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) तर त्याहून बरीच कमी. एमपीथ्री ऐकायला वेगळी बनवा, मूळ प्रत म्हणून ती नको.

आणि इथे माझं मत जरा ठाम आहे. अख्खी बाजू एकच फाइल ठेवायची. गाणी कापून वेगळी करू नका, मधली शांतता काढू नका, बटण दाबल्याचा खट्ट आवाज काढू नका, आणि खरखर घालवणारे फिल्टर मूळ प्रतीवर अजिबात लावू नका. फिल्टर खरखर घालवताना खोलीही घालवतो. कॉपी करा आणि त्या कॉपीवर हवं ते करा, वेगसुद्धा कॉपीवरच सुधारा. आज तुम्हाला कचरा वाटणारं काहीतरी दहा वर्षांनी तुमच्या मुलीला हवं असेल.

कोणती कॅसेट आधी, हे मात्र शेवटी घराघरावर अवलंबून आहे. घरात जुने आवाज दुसरीकडे कुठे आहेत का? बाबांच्या मित्रांपैकी कुणी वाजवायचं का? पेटी वीस वर्षं कोरड्या कपाटात होती की पत्र्याखाली? पत्र्याखाली असेल तर थांबू नका, पहिला गठ्ठा ह्याच हिवाळ्यात उरका, हवा कोरडी असताना. आणि अ‍ॅपवर नाही असं काही सापडलं तरी ते इंटरनेटवर टाकायच्या आधी नीट विचार करा. घरच्या लोकांचे आवाज तुमचे आहेत, पण अल्बम नाहीत. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं असतो, १९७३ चा अल्बम २०३३ संपेपर्यंत त्यात आहे. घरात ऐकायला ठेवा.

राहता राहिले बाबा. ते टाकून द्या म्हणतायत त्याचा अर्थ त्यांना नकोयत असाच असेल असं मी धरून चालणार नाही. माझ्याकडे येणारे बरेच लोक हेच सांगतात की वडील नको म्हणाले, आणि तेच वडील फाइल ऐकताना पुढचं गाणं सुरू व्हायच्या आधी त्याचं नाव सांगतात, अगदी टेप जिथे अडकायची ती जागासुद्धा. त्यांना अल्बमबद्दल विचारू नका, तेव्हा ते फक्त 'हो, छान होता' म्हणतील. रेकॉर्ड कुणाची होती ते विचारा. डेक कुणाचा, कुठल्या खोलीत, कोण कोण बसायचं, 'पॉज दाब' म्हणतोय तो कोण. आणि ते सांगत असताना फोनवर रेकॉर्ड करा, त्यांना सांगून. ही माहिती कॅसेटच्या नंबराबरोबर लिहून ठेवा, कारण फाइल ऐकणाऱ्याला तो आवाज कुणाचा हे फाइल सांगत नाही.

तर आत्ता करायचं एवढंच: पेटी माळ्यावरून खाली कोरड्या जागी आणा, बुरशीवाल्या वेगळ्या करा, कव्हरांचे फोटो काढा, खिट्ट्या तोडा, आणि एका बऱ्या डेकवर सुरुवाती आणि शेवट ऐकून गठ्ठे करा. तोपर्यंत दुकानदाराला काही देऊ नका. तुमच्याकडे डेक असेल तर त्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, तिथे दोन गोल आरसीए सॉकेट्स आहेत की पाच पिनांचं जुनं डिन सॉकेट, त्यावरून कुठली केबल लागेल ते सांगतो.